माळ्यावरची बाळंतीण

जर्मनीत ड्रेस्डेन नावाचं नगर होतं. तिथे कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यातला माझा लेक नितीन, सून अनघा, नात मीरा आणि मी, अशी चौघं भाड्याच्या घरात राहत होतो. एका वसंतात माळ्यावर पाचवी आली, न विचारता! रॅकून, मांजराहून थोरलं रानटी जनावर. डोळ्यांवर काळी पट्टी, दरोडेखोरासारखी. किस्से काय, जळमटांसारखे साचतात. हिने तर एका हंगामात घर भरलं!

*

ह्यांच्या श्राद्धाला मी कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवलं. कावळा येईना, आली ही बया! वडा उचलला, पाण्याच्या भांड्यात बुचकळला नि मग खाल्ला.

"आई, बाहेर खाणं ठेवायचं नसतं इथे!" नितीन ओरडला.

"गप्प बस. तुझे वडीलही हात धुतल्याशिवाय जेवत नव्हते!"

*

घरमालक क्राउजे कुंपणापलीकडे राहतो. माळा बघून म्हणाला, "तुमच्या खाण्याच्या वासाने आलं जनावर. ऑगस्टअखेर घर सोडा."

अनघाचा चेहरा उतरला. मीराची शाळा इथली, आणि दुसरं घर मिळणं महाकठीण.

"सांग त्याला," मी नितीनला म्हटलं, "पुरणपोळीच्या वासाने तूही आला होतास. तुला काढलं का कोणी?"

नितीनने याचं जर्मन केलंच नाही!

*

नितीन म्हणाला, "पिंजरा लावू, जंगलात सोडून येऊ." सांगलीला आम्ही उंदीर पलीकडच्या गल्लीत सोडायचो. तिथले लोक त्यांचे आमच्या गल्लीत!

तेवढ्यात क्राउजेने परवानावाला शिकारी आणला. तो म्हणाला, "परवान्याशिवाय पिंजरा लावायचा नाही. आणि पकडलेलं रॅकून कुठेही सोडायला बंदी."

"मग मारा!" क्राउजे म्हणाला.

शिकारी माळ्यावर जाऊन आला. "पिल्लं आहेत. ती मोठी होईपर्यंत आईला मारणं गुन्हा आहे."

"माळा माझा आहे!" क्राउजे शिडीकडे निघाला.

मी शिडीसमोर खुर्ची टाकून बसले. "बाळंतिणीला सव्वा महिना आमच्याकडे कोणी घराबाहेर काढत नाही. तू कोण?"

नितीनने या वेळी जर्मन केलं. शिकारी म्हणाला, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. जाताना सांगून गेला, "पिल्लं जरा मोठी झाली की दिवसा आवाज करा. झोपमोड झाली की ती स्वतःच पिल्लं हलवते."

*

सव्वा महिना झाला. मी माळ्याखाली टाळ घेऊन बसले. इथे दुपारची शांतता पाळतात, तेवढी सोडून सगळ्या आरत्या म्हटल्या, रोज! शेवटी एका संध्याकाळी बाई वैतागून निघाली. एकेक पिल्लू तोंडात धरून कुंपणापलीकडे गेली.

सकाळी दारात क्राउजे. डोळे तांबारलेले, हातात केक.

"आजी, माझ्या माळ्यावर आलीय ती! शिकारी म्हणतो, हात लावता येणार नाही. ते वाजवायचं घेऊन याल का?"

नितीन म्हणाला, "पण आम्ही तर ऑगस्टअखेर निघतोय..."

"कुठे निघालात? राहा की! हवी तितकी वर्षं राहा! पण आज चला!"

मी खुर्ची पुढे सरकवली. "आधी बस. चहा घे."