पुलापलीकडची हळद

आमच्या स्टेशनचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर बिल्डिंगमधलं कुणीतरी हे वाचून आईला फोन करेल. मुलुंड आणि घाटकोपरच्या मधलं एक, एवढं पुरे.

आमच्याकडे रुळांवरून जाणारा रस्त्याचा एकच पूल होता. खालून रेल्वेच्या नव्या मार्गिका न्यायच्या होत्या आणि जुन्या पुलाच्या कमानींत त्यांना जागा नव्हती. म्हणून तो पाडून नवा, लांब गर्डरचा बांधायचं ठरलं. एका सकाळी दोन्ही तोंडांना निळे पत्रे लागले आणि ईस्ट, वेस्ट ही दोन वेगळी गावं झाली. चालत जाणाऱ्यांना स्टेशनचा पादचारी पूल होता. दहा-पंधरा मिनिटांत माणूस पलीकडे. गाडीला मात्र एलबीएस रोडनं पुढच्या स्टेशनापर्यंत जायचं, तिथला पूल चढायचा आणि पलीकडच्या बाजूनं तेवढंच परत यायचं. सगळ्यांच्याच गाड्या त्याच रस्त्यावर आल्या, त्यामुळे "तेवढंच" हा शब्द नुसता म्हणण्यापुरता राहिला.

दादाचं लग्न ठरलं तेव्हा पूल उभा होता. लग्न आलं तेव्हा नव्हता. वहिनी ईस्टची. आमच्या गच्चीवर टाकीजवळ उभं राहिलं की तिच्या बिल्डिंगचा जिना दिसायचा, आणि दादा कपडे वाळत घालायला अचानक तयार व्हायला लागला होता.

लग्नाचा हॉल वेस्टला, पण हळद ज्याची त्याच्या घरी. प्रश्न उष्ट्या हळदीचा होता. मी इंग्रजी शाळेत शिकले. मला हा प्रकार नीट माहीत नव्हता. आईनं समजावलं: आधी नवऱ्याला हळद लावायची, त्याच्या अंगाला लागलेली हळद वाटीत काढायची आणि नवरीकडे पाठवायची. ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. मला गंमत वाटली. एरवी दादानं चाटलेला चमचा मी धुतल्याशिवाय घेत नाही, आणि इथे त्याच्या अंगावरची हळद चांदीच्या वाटीतून जाणार होती.

"ह्या वेळी तिथली तिथे लावू या का?" बोलणी चालू असताना बाबांनी सुचवलं. "ट्रॅफिक बघताय ना."

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, भांडुपला राहते पण बोलते अजून मालवणातल्यासारखी. ती म्हणाली, "पूल पाडल्यानी म्हणान काय रीत पण पाडूची?"

विषय संपला.

वहिनीचे वडील कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. ते बसचे ड्रायव्हर. बोलणी देण्याघेण्यावर येतील म्हणून सगळे जरा सावध होते. पण त्यांनी तोंड उघडलं ते शेवटी, चहा पिऊन झाल्यावर. पुलामुळे बसचे मार्ग लांबले होते, ड्रायव्हर कमी पडत होते. त्यांना लग्नाच्या दिवसाची रजा मिळाली होती, हळदीच्या दिवसाची नाही. त्या दिवशी दुपारची ड्युटी होती.

"माझं एकच आहे," ते म्हणाले. "मी घरातून निघायच्या आत पोरीला हळद लागू दे. लांबून बघितली तरी चालेल, पण बघायची आहे."

एकच मुलगी. बाबांनी लगेच शब्द दिला. आमची हळद सकाळी लवकर, उष्टी हळद अकरापर्यंत ईस्टला. करवली म्हणून ती घेऊन मी जायचं आणि बरोबर आत्या.

हळदीच्या सकाळी आमच्या गच्चीवर मांडव होता. पाच सवाष्णींनी आंब्याच्या पानांनी दादाला हळद लावली, गाणी झाली. मग दादाचे मित्र पुढे आले. त्यांचा एकच उद्देश होता, दादाचे दात सोडून काहीही पांढरं ठेवायचं नाही. पातेलं उचललं आणि उलटं केलं. सगळे हसत होते. आईही हसत होती. आत्या हसत हसत आईकडे वळली आणि म्हणाली, "वाटीत काढलंस ना गो?"

आईचं हसू थांबलं. "मी? मला वाटलं तुम्ही काढलीत."

"माका वाटला तू काढलंस."

पातेल्यात काही नव्हतं. नवी हळद कालवून चालणार नव्हती, ती उष्टी कशी होईल? शेवटी आत्या स्टीलचा चमचा घेऊन दादाच्या मागे उभी राहिली आणि त्याच्या पाठीवरून, खांद्यावरून हळद खरवडायला लागली.

"हलू नको रे मेल्या."

"आत्ये, गुदगुल्या होतायत."

"होऊ देत. तुझ्या बायलेक व्हया ती."

मित्रांतला एक जण म्हणाला, "काकी, कानामागे पण आहे." आत्यानं खरंच कानामागची घेतली. वाटी अर्धी भरली. तोवर निघायची वेळ टळून गेली होती.

तेव्हा मी आईला हळूच म्हटलं, "चालत जाते ना. स्टेशनच्या पुलावरून लगेच पोचेन."

आत्यानं ऐकलं. "हळद काय चलत नेतत? लोक काय म्हणतले, ह्यांका एक रिक्षा पण गावली नाय? त्यांची माणसा दारात उभी रवतली ओवाळूक. आणि माका तो जिनो चढूक होवचो नाय."

मला वाद घालता येत नाही. मोठ्यांशी तर नाहीच. शिवाय हिरवा चुडा, हळदीची साडी, नारळ, ओटीचं सामान, एवढी ताटं होती. आम्ही रिक्षात बसलो. वाटी माझ्या मांडीवर, वर जरीचा रुमाल, पिवळी साडी, केसात दोन गजरे.

"ईस्ट?" रिक्षावाल्यानं विचारलं. "पूल बंद आहे माहितीये ना?"

"माहीत आसा," आत्या म्हणाली. "म्हणान तर तुझी रिक्षा केली."

एलबीएस रोडला लागलो आणि थांबलो ते थांबलोच. पुढे पाण्याचा टँकर, बाजूला शाळेची व्हॅन, मागे सिमेंटचा मिक्सर, बहुतेक आमच्याच पुलावर निघालेला. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. आजूबाजूच्यांनीही केलं. एवढ्या गाड्या आणि एवढी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. व्हॅनमधल्या मुलांनी माझे गजरे बघून "नवरी, नवरी" म्हणायला सुरुवात केली. आत्यानं बाहेर तोंड काढून सांगितलं, "नवरी नाय रे, करवली. नवरी पुढे बसली हा वाट बघत."

वहिनीचा फोन आला. "कुठे आहेस?"

"मेडिकलच्या दुकानापाशी."

"कुठल्या मेडिकलच्या?"

"आमच्या खालच्या."

 ती हळू आवाजात म्हणाली, "बाबांनी युनिफॉर्म घातलाय गं. दारातल्या खुर्चीवर बसलेत. नुसते घड्याळ बघतायत."

मी फोन ठेवला. डाव्या हाताला, दोन गल्ल्यांच्या मधून, आमच्याच स्टेशनचा पादचारी पूल दिसत होता. तासाभरात आम्ही घरापासून फार तर चार दुकानं पुढे आलो होतो.

"आत्या, मी उतरते."

"काय?"

"वाटी तेवढी नेते. बाकीचं तू घेऊन ये सावकाश."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, समोरच्या टँकरकडे बघितलं. मग पदर सोडवून माझ्या कमरेला साडी खोचून दिली, जिना चढायला बरी म्हणून. "जा गो चेडवा. वाटी हलवू नको. आणि कोणाचो हात लागूक देव नको."

हा शेवटचा भाग अवघड होता. दुपारी स्टेशनचा जिना म्हणजे पूल पाडल्यापासून अख्ख्या गावाचा रस्ता. मी एका बाजूला उभी राहून फट शोधत होते. "एक्स्क्यूज मी" म्हणत होते, पण ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मागून टोपलीत मेथीच्या जुड्या घेतलेली एक बाई आली. तिनं रुमालाखालून दिसणारी वाटी बघितली, माझी साडी बघितली.

"हळद?"

मी मान हलवली.

"नवऱ्याची? उष्टी?"

"हो."

"मग अशी काय उभी राहिलीस भित्र्यासारखी?" तिनं टोपली कमरेवर घेतली आणि जिन्यावरच्या पाठींना उद्देशून आवाज दिला, "ए, सरका रे बाजूला! नवऱ्याची हळद आहे! सरक रे बॅगवाल्या, तुझं लग्न नाही व्हायचं का?"

बॅगवाला खरंच सरकला. त्याच्या पुढचेही सरकले. कुणी तरी "वहिनी, जपून" म्हणालं, कुणी "अभिनंदन" म्हणालं. चढताना मी वाटीवरून नजर काढली नाही. एवढी माणसं माझ्याकडे बघत असताना मी एरवी परत फिरले असते. पण त्यांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं, ती हळदीला वाट देत होती, आणि हे कळल्यावर मला चालणं सोपं झालं.

वरून नव्या पुलाचं काम दिसलं. रुळांच्या दोन्ही अंगांना खांब उभे होते, एका बाजूला गर्डर येऊन पडले होते. मधली जागा अजून मोकळी होती. त्या बाई ईस्टच्या जिन्याच्या तोंडाशी थांबल्या, "आता उतार आहे, जा," म्हणाल्या आणि माझ्या वाटीला लांबूनच नमस्कार करून प्लॅटफॉर्मकडे वळल्या.

जिना उतरत होते तर खालून खाकी कपड्यातले वहिनीचे वडील वर येत होते.

त्यांचा डेपो वेस्टला. ड्युटीची वेळ झाली होती, ते निघाले होते. आम्ही मधल्या कट्ट्यावर समोरासमोर आलो. त्यांनी आधी मला ओळखलंच नाही. मग वाटी ओळखली.

"आलीस?" ते म्हणाले. एवढंच. पण चेहऱ्यावर असं काही आलं की मला जमिनीकडे बघावं लागलं.

"काका, चला ना परत. पाच मिनिटं."

"नाही गं बाळ. पाच मिनिटात घर येतं, हळद नाही होत. माझी गाडी थांबायची नाही. सकाळच्या पाळीचा ड्रायव्हर पहाटेपासून चालवतोय, त्याला सोडवायला नको?" त्यांनी रुमालाचा कोपरा उचलून वाटीत बघितलं आणि परत नीट झाकला. "जा तू. फोटो काढ पण."

त्या माणसाची बाजू बरोबर होती. तरी मी त्यांच्या वाटेतून हलले नाही. कसं सुचलं माहीत नाही, मी विचारलं, "काका, तुमची बस कुठल्या रस्त्यानं येते?"

"एलबीएसवरून. का?"

"मग ती आली नसेल. मी तिथूनच आले. तिथे काहीच हलत नाहीये."

त्यांनी घड्याळ बघितलं. मग खिशातून फोन काढून डेपोत लावला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला. "तुम्ही कशाला धावताय? तुमची गाडी सिग्नलच्या अलीकडे अडकलीय. टँकर बंद पडलाय पुढे. पोलीस क्रेन आणतायत. तास तरी जाईल. सांगतो मी, तेव्हा या."

काकांनी फोन खिशात ठेवला. टोपी काढून कपाळ पुसलं. मग खालच्या पायरीकडे बोट दाखवून म्हणाले, "तू पुढे हो. तुझ्या मागनं येतो. हळदीच्या पुढे बापानं चालू नये."

असा काही नियम आहे की नाही मला अजून माहीत नाही.

त्यांच्या बिल्डिंगच्या दारात बायका ओवाळायला उभ्या होत्या. मला एकटीलाच बघून गोंधळल्या, मग माझ्या मागे काकांना बघून आणखी गोंधळल्या. वहिनी पाटावर बसली होती, डोळे लाल. वडिलांना बघून ती पाटावरून उठायला लागली तसे ते ओरडले, "बस! उठायचं नाही!" आणि सगळे हसले.

पाच जणींनी लावून झाल्यावर वहिनीच्या आईनं वाटी काकांपुढे धरली. ते नको म्हणत होते, ही बायकांची गोष्ट म्हणत होते. "बघायचं म्हटलं होतं, लावायचं नाही." त्या म्हणाल्या, "आता आलायत तर उगाच भाव खाऊ नका." त्यांनी खाकी बाही कोपरापर्यंत वर केली, तर्जनीवर थोडी हळद घेतली आणि मुलीच्या दोन्ही गालांना लावली. एवढ्या हलकेच, की ती लागली की नाही ते बघायला वहिनीनं स्वतःच गालाला हात लावला.

फोटो मी काढला. तो हलला आहे.

आत्या पोचली तेव्हा डेपोतून फोन येऊन गेला होता आणि काका चपला घालत होते. शेवटी रिक्षा सोडून, दोन्ही हातांत ताटं घेऊन ती स्टेशनचाच जिना चढून आली होती, घामेजलेली. वहिनीचे पिवळे गाल बघून दारातच थांबली.

"माझी वाट नाय बघल्यात?"

"तुमची बघितली असती तर माझी हळद बघायची राहिली असती," काका म्हणाले. त्यांनी तिच्या हातातली ताटं घेतली, आत टेबलावर ठेवली आणि स्वतः तिला पाण्याचा पेला आणून दिला. "बसा ताई. जेवून जा. जाताना रिक्षा करू नका मात्र."

आत्यानं पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "करूचंय नाय. तुमच्याच बशीत बसतलंय. बघू तरी कशी चालवतास ती."

"आज चालवायला काय आहे," ते म्हणाले, "नुसतं बसायचंय." आणि मग ते जिना उतरून गेले, मघाशी दिसले होते त्याहून किती तरी सावकाश, तर्जनी तेवढी अंगापासून जरा दूर धरून, युनिफॉर्मला लागू नये म्हणून.