पान तीनशे बारा, ओळ एकोणीस

वकील बोलत असले की मार्लिस टोलेफसन यांची बोटं टेबलावर हलायची. नवख्या वकिलाला वाटायचं, बाई कंटाळल्या, आता आटपतं घ्यावं. खरं म्हणजे त्या टाइप करत असायच्या. फेडरल अपील कोर्टाच्या न्यायाधीश होण्याआधी, वकील होण्याच्याही आधी, त्या टॉर्विकच्या काउंटी कोर्टात लघुलेखिका होत्या. साक्षीदाराच्या तोंडून निघेल तो शब्द यंत्रावर उतरवायचा, पंचवीस ओळी झाल्या की पुढचं पान. अशी नऊ वर्षं.

वडिलांची साखरेच्या बीटाची शेती होती आणि मुलीने फार शिकावं असं घरात कोणाच्या मनात नव्हतं. पण तिथल्या न्यायाधीशांना मध्येच थांबवायची सवय होती. "मिस टोलेफसन, साक्षीदार काय म्हणाला, जरा वाचा." त्या वाचायच्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच. एका दुपारी त्यांनी एकच उत्तर चार वेळा वाचलं आणि घरी जाताना ठरवलं, यांना हे जमतं तर मला का नाही जमणार! अठ्ठाविसाव्या वर्षी त्या कायद्याच्या कॉलेजात गेल्या. पुढे चौदा वर्षं वकिली, मग राज्याच्या कोर्टात न्यायाधीश, आणि एकावन्नाव्या वर्षी राष्ट्राध्यक्षांकडून फेडरल अपील कोर्टावर नेमणूक. तीही तहहयात.

त्यांची कचेरी आहे त्याच इमारतीत मी कॉम्प्युटर सांभाळते. त्यामुळे मला माहीत आहे की बावीस वर्षांत त्यांनी खटल्याचं एकही टिपण काढलं नाही. तरुण सहायक वकील पिवळ्या वह्या भरून टाकायचे. जजबाई एकदा वाचायच्या आणि म्हणायच्या, "पान दोनशे सात, वरून सहावी ओळ." ती तिथे असायचीच.

दुसऱ्या मजल्यावर ऑरिन व्हॉगे बसायचे, खटले चालवणारे न्यायाधीश, त्यांच्याच वयाचे. रोज बारा वाजता ते डबा घेऊन चौथ्या मजल्यावर यायचे. एकमेकांच्या खटल्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा दोघांचा नियम. मग उरायचं काय? बीटाचा भाव, तळ्यातले मासे आणि ऑरिन यांचं कानातलं यंत्र.

जजबाईंच्या आईला शेवटची काही वर्षं घर ओळखू येत नव्हतं. आई गेली त्या आठवड्यात त्या ऑरिनना म्हणाल्या होत्या, "आपल्या या नोकरीत एक खोट आहे. घरी जा असं सांगणारं वर कोणीच नाही. माझी वेळ आली की तू सांगायचंस."

"आणि माझी आली की?"

"मी सांगेन. ओरडून सांगेन, नाहीतर तुला ऐकू कुठे येतंय."

हात मिळवून ठरलं होतं.

मग तो ऑक्टोबर आला. साउथ डकोटातल्या एका धान्यकोठारात धान्य वाहणाऱ्या पट्ट्याच्या यंत्रात डेल रस्मुसन नावाच्या कामगाराचा हात गेला होता. यंत्रावरची संरक्षक जाळी काढलेली होती. ती त्याने आपल्या मर्जीने काढली, असं कंपनी म्हणत होती. ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला, पण पुरावा पुरेसा नाही म्हणून तिथल्या खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशांनी तो रद्द केला. अपिलाची सुनावणी सेंट पॉलला, तीन न्यायाधीशांपुढे झाली. तिचं ध्वनिमुद्रण मी ऐकलं आहे.

जजबाई कंपनीच्या वकिलाला विचारतात, "पण जाळी काढायला मीच सांगितलं, असं फोरमननेच कबूल केलंय ना? पान तीनशे बारा."

पानं उलटल्याचा आवाज येतो. "युवर ऑनर, माझ्या प्रतीत तीनशे बारा पानावर डॉक्टरांची साक्ष आहे."

"मग आसपास कुठे?"

"मला असं वाक्य कुठेच आठवत नाही."

त्या कामगाराच्या वकिलाकडे वळतात. तो, कंपनीच्या वकिलासारखाच, अपिलापुरता नव्याने आलेला. तोही पानं चाळतो. त्याच्या फायद्याचं वाक्य, तरी म्हणतो, "माफ करा, युवर ऑनर. मलाही सापडत नाही."

आणि मग जजबाईंचा आवाज, अगदी हळू: "माझी चूक झाली असेल. पुढे बोला."

अपील कोर्टात साक्षीदार येत नाही, फक्त कागद येतात. कागदावर नसेल ते घडलंच नाही, असं धरून चालावं लागतं. सुनावणीनंतर दोघा सहकारी न्यायाधीशांनी मतदान सोमवारपर्यंत पुढे ढकललं. तोवर मूळ साक्ष मागवून घेऊ, म्हणाले. इतक्या सांभाळून म्हणाले की जजबाईंना तेच लागलं. परतीच्या चार तासांच्या वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, असं गाडी चालवणारी त्यांची सहायक वकील ब्रिजिट सांगत होती. रस्ताभर बीटाचे ट्रक पुढे होते आणि एरवी प्रत्येक ट्रक कोणाच्या शेतातला ते त्या सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला चौथ्या मजल्यावरून फोन आला. जाड कागद प्रिंटरमध्ये अडकत होता. मी कागद ओढून काढला तर ते राष्ट्राध्यक्षांना लिहिलेलं पत्र होतं. निवृत्तीचं.

"वाचू नकोस, नुसतं सरळ कर," जजबाई म्हणाल्या.

ब्रिजिट दाराशी रडवेली उभी होती. "जजबाई, सोमवारी मूळ साक्ष येतेय. तोवर तरी थांबा."

"तू सगळी फाइल शोधलीस ना?"

"हो."

"किती वेळा?"

"तीन."

"मग सोमवारी काय नवं उगवणार आहे? जे वाक्य कोणी बोललंच नाही ते मी भर कोर्टात, एका माणसाच्या हाताचा प्रश्न असताना, पान नंबर लावून सांगितलं. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. ती शेजारणीने न दिलेले निरोप सांगायची, तारखेसकट."

तेवढ्यात ऑरिन आले. बारा वाजायला वेळ होता. हातात बायकोने केलेल्या रुबार्बच्या आंबटगोड वड्या होत्या. जजबाईंनी त्यांना बसूही दिलं नाही.

"ऑरिन, आलीय का माझी वेळ?"

"मला तसं वाटत नाही."

"वाटत नाही की बोलवत नाही?"

ऑरिननी वड्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उगाचच पुन्हा दाबलं. जजबाईंचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मला विचारायचा अधिकार नव्हता, पण विचारलं. "ते तुम्ही कधी वाचलं होतं?"

"ऑगस्टमध्ये. तळ्यावरच्या घरी."

"टॅबलेटवर?"

"हो. का?"

सप्टेंबरमध्ये नवी प्रणाली चढवताना तो टॅबलेट मीच पुसून कोरा केला होता. नंतर त्यावर सगळ्या फायली पुन्हा कोर्टाच्या साठ्यातून उतरवल्या होत्या. म्हणजे ऑगस्टमध्ये त्यांनी वाचलेली फाइल आणि आत्ताची फाइल एकच असेल असं नाही.

"पुसण्याआधी मी सगळ्याची प्रत काढून ठेवते," मी म्हटलं. "नेहमीच. थांबा."

लॅपटॉपवर ती प्रत सापडायला चार मिनिटं लागली. फाइलचं नाव तेच, पण आकार मोठा. मी पान तीनशे बारावर गेले आणि लॅपटॉप फिरवणार तोच जजबाई म्हणाल्या, "पडदा माझ्याकडे वळवू नकोस. मी सांगते, तू ताडून बघ."

त्यांनी डोळे मिटले. बोटं टेबलावर हलायला लागली.

"सतरा. प्रश्न: जाळी कोणी काढली? अठरा. उत्तर: डेलने. एकोणीस. पण काढायला मीच सांगितलं होतं. वीस. नाहीतर संध्याकाळपर्यंत ट्रक रिकामे झाले नसते. एकवीस. प्रश्न: हे तुम्ही आधी कोणाला सांगितलंत? बावीस. उत्तर: मला कोणी विचारलंच नाही."

माझ्यासमोर पडद्यावर ओळी होत्या. मी बोट ठेवत गेले. सतरा, अठरा, एकोणीस.

"बोल ना बाई!" ऑरिन ओरडले.

"एक शब्द चुकला," मी म्हटलं. "संध्याकाळपर्यंत नाही. अंधार पडेपर्यंत."

जजबाईंनी श्वास सोडला. तो इतका लांब होता की आदल्या दिवसापासून धरून ठेवला असावा. मग त्या हसल्या, आणि ब्रिजिट तिथेच खुर्चीत बसून खरोखरच रडली.

काय झालं होतं ते बारा वाजायच्या आत उलगडलं. कामगाराच्या आधीच्या वकिलाच्या कचेरीने दिलेल्या फाइलमध्ये काही पानं तिरकी स्कॅन झाली होती, म्हणून त्यांनी सप्टेंबरमध्ये सुधारलेली फाइल दिली. ती करताना मधली नऊ पानं गळली आणि पुढच्या पानांवर नवे आकडे सलग पडले. आकड्यांत खंड नाही, म्हणून कोणाला संशय आला नाही. नव्या वकिलाने आणि समोरच्यानेही तीच फाइल वाचली. जुनी फक्त तळ्यावरच्या टॅबलेटवर होती, आणि तो पुसल्यावर माझ्या प्रतीत.

जजबाईंनी लगेच दोन्ही बाजूंना लेखी हुकूम पाठवला: गळलेली पानं हजर करा आणि त्यावर काय म्हणायचं ते म्हणा. सोमवारी मूळ साक्षही आली, तीच ओळ घेऊन. डिसेंबरात तिघा न्यायाधीशांनी एकमताने ज्यूरीचा कौल पुन्हा कायम केला. निकालपत्र जजबाईंनी स्वतः लिहिलं. त्यात "अंधार पडेपर्यंत" बरोबर आहे.

पण त्या दिवशी, हुकूम निघाल्यावर, बारा वाजले होते. वड्यांचा डबा तसाच होता. जजबाईंनी राष्ट्राध्यक्षांना लिहिलेलं पत्र अर्धं फाडलं, त्याच्या कोऱ्या बाजूवर वड्या मांडल्या आणि आम्हाला बसवलं.

"ऑरिन, तू गप्प का राहिलास?"

"कारण मला माहीत नव्हतं," ऑरिन म्हणाले. "खोटं बोललो असतो तर पुढच्या वेळी तू माझं ऐकलं नसतंस."

जजबाईंनी मान हलवली. "मग करार चालू?"

"चालू. आणि माझं?"

"तुझं काय?"

"माझी वेळ आली का?"

"अजून नाही," त्या वडी पुढे सरकवत म्हणाल्या. "पण कानातलं यंत्र उलटं घातलंयस."

ऑरिन कान चाचपत राहिले. टेबलावर जजबाईंची बोटं स्थिर होती. त्या जेवत होत्या.