टोस्टरमागचा ग्लास

माझ्या लेकीच्या सासऱ्यांचा मला हेवा वाटतो. वाटू नये, पण वाटतो. ते जर्मनीतले निवृत्त शाळामास्तर, मी नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलातून रिटायर झालेला डॉक्टर. व्याही म्हणून आमचं छान जमतं. पण ब्रिस्टलला लेकीकडे आम्ही दोघं एकत्र आलो की माझं पित्त खवळतं.

त्या संध्याकाळी मी किचनमध्ये शिरलो, तर लेक आणि सासरे पोट धरून हसत होते. मला पाहताच तिने हातातला वाइनचा ग्लास टोस्टरमागे सरकवला. इथेच जन्मलेली, चाळिशीला टेकलेली मुलगी. वडीलधाऱ्यांसमोर प्यायचं नाही, हे मीच तिला शिकवलेलं.

"काय एवढं हसताय?" मी विचारलं.

"बाबा, यांनी एक क्यूट शब्द सांगितला. फॉइश्टफ्रोलिश. पिऊन जॉली झालेल्या पार्टीला म्हणतात. लिटरली, डॅम्प आणि हॅपी."

व्याही खुलले. विद्यार्थ्यांनी बिअर पिताना म्हणायची गाणी लिहिणाऱ्या कुण्या कवीने ही जोडी जुळवली म्हणे, आणि मग ती सगळ्यांच्या तोंडी बसली, असं त्यांनी मला इंग्रजीत सावकाश समजावलं. डॅम्प म्हटलं की मला बाथरूमची भिंत आठवते. मी तसं म्हणालो. लेक हसली, पण बेतानेच, पाहुण्यांच्या विनोदाला हसावं तसं.

तेच मला झोंबलं. हे गृहस्थ तिला लग्नापासून ओळखतात आणि त्यांना ती अख्खी मिळते. माझ्या वाट्याला टोस्टर.

"ग्लास काढ बाहेर," मी म्हणालो. "मला चालतं."

"बाबा, तुम्ही शुअर आहात?"

"सांगितलं ना."

तिने ग्लास टेबलावर आणून ठेवला. आम्ही तिघं बसलो. हवेबद्दल बोललो, मोटरवेवरच्या ट्रॅफिकबद्दल बोललो. व्याह्यांनी आपला ग्लास संपवला. तिने मात्र तिचा ओठांना लावला नाही.

शेवटी शाल आणतो म्हणून मी उठलो. अर्धा जिनाही चढलो नव्हतो, तोच खालून तिचं हसणं ऐकू आलं. लहानपणी मी गुदगुल्या केल्या की ती अशीच हसायची.

शाल पलंगावरच होती. ती मांडीवर घेऊन मी बराच वेळ वरच बसून राहिलो. खाली गेलो असतो तर ती हसायची थांबली असती.