मित्सुएबाईंची ओकिनावाची सफर

मित्सुएबाई ओगिनोंनी जन्मभर दुसऱ्यांनाच निरोप दिले. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही, सगळी उमर लॉण्ड्रीत इस्त्री फिरवण्यात गेली. कोबे बंदराच्या वर टेकडीला आमची आळी चिकटून बसली आहे. कोणाच्याही खिडकीतून खाली बोटी दिसतात. त्या बोटी बघत बघत बाई म्हाताऱ्या झाल्या, पण कधी चढल्या नाहीत.

आमच्यात कोणी प्रवासाला निघालं की शेजारपाजारचे हातात पैशांचं पाकीट ठेवतात. ते घेतलं की येताना प्रत्येक घरासाठी तिकडचा खाऊ आणायचा, त्यात कोणाला सूट नाही. मित्सुएबाईंनी अशी पाकिटं देत आणि लोकांचा खाऊ खात दिवस काढले. समोरच्या घरातल्या काजिताबाई तर त्यांच्या तोंडावर म्हणायच्या, "तुमचं बरंय हो. बसल्या जागी सगळा जपान खाऊन झाला." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, त्यांच्या भिंतीला लागून माझं केस कापायचं दुकान आहे, गिऱ्हाईक हसलं की हसावं लागतं.

करोना ओसरत आला त्या वर्षी, सत्तरी उलटल्यावर, बाईंनी ओकिनावाच्या बोटीचं तिकीट काढलं. आळीभर बोभाटा झाला. पहिल्यांदाच पाकिटं त्यांच्याकडे आली. त्या दोन्ही हातांनी घ्यायच्या, कमरेत वाकायच्या, डोळे पुसायच्या. माझ्याकडे केस कुरळे करून घ्यायला आल्या तेव्हा आरशात बघत म्हणाल्या, "होरीबाई, ह्या वेळी माझा खाऊ तुम्ही खायचा हं." निघाल्या त्या सकाळी आम्ही सगळ्या उतारापर्यंत पोचवायला गेलो, दिसेनाशा होईस्तोवर हात हलवले.

धक्क्यावर त्यांच्या नाकात काडी घातली आणि बाई पॉझिटिव्ह निघाल्या.

पुढं काय करायचं ते बोटवाल्यांनी अगदी नीट सांगितलं. घरी जा, वेगळ्या खोलीत राहा, पाणी पीत राहा, पैसे सगळे परत मिळतील, बऱ्या झालात की पुढच्या सफरीला या. आणि एकट्या राहता, तर शेजारी कोणाला तरी कळवून ठेवा. रात्रीबेरात्री दम लागला तर धावपळीला माणूस हवं. एवढं साधं. बाईंनी सगळं पाळलं, फक्त शेवटचं सोडून. पाकिटं परत करायची म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर फेकल्यासारखं. ठेवून घ्यायची, तर खाऊ कुठून आणणार? वर आळीत आजार घेऊन आलेली बाई म्हणून शिक्का बसायचा तो वेगळाच. त्यांनी ठरवलं की बोट परत यायच्या दिवसापर्यंत आपण घरात नाहीच.

अंधार पडल्यावर त्या मागच्या पायऱ्यांनी घरात शिरल्या. खिडक्यांच्या झडपा ओढून घेतल्या. दिवा नाही, टीव्ही नाही. अंगात ताप फणफणलेला, आणि खोकला आला की पांघरुणात तोंड खुपसायचं.

पण आमच्याकडे भिंती त्या कसल्या! दुसऱ्या दिवशीच मला खोकला ऐकू आला. काजिताबाईंनी त्यांच्या दारावरचं विजेचं मीटर फिरताना पाहिलं. काय झालं असेल ते कळायला अक्कल लागत नाही. माझ्या दुकानात बसून सगळ्यांनी विचार केला.

"दार वाजवून बघायचं का?" मी म्हटलं.

"असं कसं?" काजिताबाई म्हणाल्या. "त्या बोटीवर आहेत ना? नसलेल्या माणसाचं दार वाजवायचं म्हणजे... लाजेने मरतील हो बिचाऱ्या."

बिचाऱ्या म्हणताना त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. खोकला वाढत गेला. मग एक दिवस अजिबात थांबला, तेव्हा मात्र मी भिंतीला कान लावला. बऱ्याच वेळाने एक भांडं वाजलं. चला, आहे अजून, म्हटलं आणि गिऱ्हाइकाचं डोकं धुवायला घेतलं. मला कोणी नावं ठेवू नयेत. खोटं त्या बोलल्या होत्या, मी नाही.

तिकडे निराळीच गंमत झाली. निघाल्यावर लगेच बोटीचं इंजिन बिघडलं. ओकिनावा राहिलं बाजूला, ती रखडत रखडत कोबेलाच परत आली, माणसं उतरवली आणि दुरुस्तीसाठी धक्क्याला लागली. टीव्हीवर दाखवलं. टीव्ही तरी कशाला, ते पांढरं धूड आमच्या प्रत्येक खिडकीत दिवसभर उभं होतं. आळीतलं शेंबडं पोर जाणत होतं. एक त्या झडपांआडच्या बाईच तेवढ्या अडाणी.

ठरलेल्या दिवशी बाई मागच्या वाटेने निसटल्या, शहरात ओकिनावाचा माल विकणारं दुकान आहे तिथे गेल्या, आणि दुपारी पुढच्या चढाने बॅग ओढत वर आल्या. गालांची हाडं वर आलेली, कुरळे केलेले केस पार विस्कटलेले. आम्ही कोपऱ्यावर उभ्याच होतो.

"आलात? या, या. कशी झाली सफर?"

बाईंनी दम घेतला आणि प्रत्येकीच्या हातात खाऊ ठेवला, काळ्या गुळाची पुडी आणि बिस्किटं. मग सांगायला लागल्या. जेवणाचा थाट, संध्याकाळचं नाचगाणं, किनाऱ्यावरची पांढरी वाळू. बोलता बोलता त्यांच्या तोंडावर रंग चढला. मला वाटतं, तेवढा वेळ त्या खरंच जाऊन आल्या होत्या. मग त्यांनी खाली बंदराकडे बोट दाखवलं.

"ती बघा आमची बोट. आत्ताच उतरले मी."

"कित्ती छान आहे, नाही?" काजिताबाई म्हणाल्या. "आठवडाभर आम्ही तिलाच तर बघतोय."

बाईंचा हात तसाच वर राहिला. त्यांनी बोटीकडे पाहिलं, मग आमच्या तोंडांकडे, एकेकीच्या. कोणी तरी नजर खाली घालावी, तर नाही.

"मग? पाणी निळं होतं का हो तिकडचं?" काजिताबाईंनी विचारलं.

"निळं," बाई म्हणाल्या. "अगदी निळं." आणि थांबायची सोय नव्हती, कारण आम्ही सगळ्या हसतमुखाने ऐकत उभ्या होतो. म्हणून त्या सांगत राहिल्या.