प्रकाशा की सारंगखेडा

तापीकाठी घर घ्यायचं, एवढ्यावर आम्हा नवराबायकोचं एकमत होतं. वांधा होता तो गावाचा. ह्यांना प्रकाशा हवं होतं आणि मला सारंगखेडा. पण मी ते तोंडातून काढलं नव्हतं, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, काय गुण्यागोविंदानं चाललंय यांचं!

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. हे जंगलखात्यात कारकून. आमची कितीतरी वर्षं खांडबाऱ्याला भाड्याच्या खोलीत गेली. तिथे स्टेशन होतं, बाजार भरायचा, माणसंही चांगली होती. पण पावसाळा असा, की भाद्रपद उलटेपर्यंत चुलीतली लाकडं धड पेटत नसत आणि दिवाळीपर्यंत घरात कुणी ना कुणी हिवतापानं कुडकुडत पडलेलं असे. बाजारात बाया त्यांच्या बोलीत बोलायच्या, मी माझ्या अहिराणीत. भाजीपाल्यापुरतं भागायचं. मनातलं बोलायला मात्र कुणी नव्हतं, आणि मी तर बोलल्याशिवाय न राहणारी बाई. चुलीशी बोलायचे, मांजरीशी बोलायचे.

मग ह्यांची शहाद्याला बदली झाली आणि मला वाटलं, सुटले. शहाद्याहून तापीकाठची दोन्ही गावं हाकेवर. त्यातलं सारंगखेडा तर ह्यांचं स्वतःचं गाव. तिथे माझे जेठ, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, शेती करायचे. सासूबाईही त्यांच्याकडेच. आणि तिथे माझी जाऊ होती. तिला मी जिजी म्हणायचे. मी त्या घरात आले तेव्हा मला नीट वेणी घालता येत नव्हती. जिजीनं घालून दिली. माझी पहिली भाकरी तव्यावर फाटली, ती तिनं कुणाला दिसायच्या आत स्वतःच्या ताटात घेतली. आईनं केलं नसतं इतकं तिनं माझं केलं. मला घर हवं होतं ते तिच्याजवळ. विटामातीचं कसंही चाललं असतं.

योगायोग असा, की जेठांच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर विकाऊ निघालं होतं. घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या एका मुसलमान कारागिराचं ते घर. म्हातारा आता लेकाकडे नंदुरबारला राहायला निघाला होता. त्यानं निरोप धाडला, की शेजार जुना आहे, म्हणून पोळ्यापर्यंत तुमच्यासाठी थांबतो, पुढे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

हे म्हणाले, "त्या घोडास्ना गावमा कोन राही?"

खरी गोम घोड्यांतच होती. काही वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या जत्रेत जेठांनी एक पांढरी घोडी घेतली. अख्खा गाव भोवती उभा राहून वाहवा करत होता. आमचे हे, ज्यांनी जन्मात कचेरीच्या बाकाखेरीज कशावर मांड टाकली नाही, घोडीभोवती एक चक्कर मारून मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, घोडी मांगला पायले लंगडी शे." चारचौघांत! आणि वाईट म्हणजे ते खरं निघालं. महिन्याभरात घोडी लंगडायला लागली. ह्यांचं चुकलं असतं तर जेठांनी हसण्यावारी नेलं असतं. खरं ठरलं ते काही त्यांना पचलं नाही. शब्दानं शब्द वाढला. जेठ म्हणाले, "मन्हा उंबरा चढू नको." हे म्हणाले, "नही चढाव." त्यानंतर दोघांची तोंडं दोन दिशांना. मी आणि जिजी अधूनमधून कुणाच्या लग्नात भेटायचो, मांडवाच्या कोपऱ्यात बसून घाईघाईनं चार सुखदुःखं बोलायचो, की आला ह्यांचा हाकारा.

तर आता ह्यांना एकाएकी पुण्य जोडण्याची ओढ लागली. प्रकाशा म्हणजे केवढं क्षेत्र, पायरीवर तापी, सकाळी घाटावर स्नान, समोर महादेव! ज्या माणसानं घरच्या देवापुढे कधी वात लावली नाही, तो मला घाटाचं माहात्म्य सांगत होता. ह्यांनी तिथे हेरलेल्या घराचा मालक भला होता. म्हणाला, पावसाळाभर राहून बघा, दसऱ्याला सांगा. आषाढात आम्ही तिथे बिऱ्हाड मांडलं. श्रावणात तापीचं स्नान घडावं म्हणून सासूबाईही आमच्याकडे आल्या. जेठांची गाडी त्यांना सोडून गेली. जेठ स्वतः आले नाहीत.

घर खरंच छान होतं. खोटं कशाला बोलू? ओसरीवर बसलं की पात्र दिसे, वारा येई. पण क्षेत्राच्या गावात घर घेणं म्हणजे काय, ते आम्हाला राहायला लागल्यावर कळलं. लांबच्या-जवळच्या नात्यात जो कुणी मरेल त्याचं क्रियाकर्म करायला मंडळी प्रकाशाला यायची, आणि आपलं माणूस तिथे राहतं म्हटल्यावर उतरणार कुठे? आमच्याकडे! जे कधी आमच्या सुखाला आले नाहीत ते त्यांच्या दुःखाला आमच्याकडे आले. ओसरीवर सदा दोन-तीन मुंडण केलेली डोकी. मी पिठलंभात रांधून रांधून थकले. एकदा एक मामा घरात शिरताना हसरे दिसले, तर माझ्याच तोंडून निघून गेलं, "कोन गया?" ते नुसतेच भेटायला आले होते. बिचारे चहाही न घेता गेले.

असं चाललं असताना कानबाई आली.

आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. देवीचं एक नारळ पिढ्यान् पिढ्या थोरल्याच्या घरी असतं आणि सगळे भाऊबंद त्या एका घरी जमतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू नि हरभऱ्याची डाळ मोजायची, घरच्या जात्यावर दळायची आणि त्याच्या जाड पोळ्या करायच्या. तो रोट. तो भाऊबंदांनीच खायचा. परक्याला नाही, सासरी गेलेल्या लेकीला नाही, जनावरालाही नाही. आणि राखीच्या पौर्णिमेच्या आत संपवायचा. एकदा का भावांनी रोट वेगळा केला, की तो पुढे कधी एक होत नाही. म्हणून माणसं शेत वाटतात, घर वाटतात, चूल वाटतात, पण रोट वाटताना त्यांचाही हात अडतो.

भांडण झाल्यापासून आम्ही कानबाईला सारंगखेड्याला जात नव्हतो, पण वेगळीही बसवली नव्हती. त्या वर्षी ह्यांनी शहाद्याच्या बाजारातून नवं नारळ आणलं आणि सासूबाईंपुढे ठेवलं. "माय, यंदा आपली कानबाई आठेच बसाडुत."

आठे म्हणजे इथे, प्रकाशाला. घर काय, आज इथे, उद्या तिथे. पण हे नारळ एकदा बसलं की मी आणि जिजी जन्माच्या दोन घरच्या. मला रडू आलं आणि मी ते कांद्यावर ढकललं.

धान्य मोजायचं काम सासूबाईंचं. त्या सूप पुढे घेऊन बसल्या, डोळे मिटले, ओठ हलू लागले आणि मूठ पोत्यातून सुपात, सुपातून टोपलीत जाऊ लागली. मी पुरणाच्या डाळीच्या नादात होते. दुसऱ्या दिवशी पहाटे दळायला बसले तर टोपली उचलेना. आमच्या घरात पुरुष म्हणजे हे आणि माझा एकुलता मुलगा. त्यांच्या वाट्याचं धान्य माझ्या ओंजळीत मावलं असतं. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी टोपलीत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मन्हा हात चुकना वं माय. बठ्ठास्नं मोजाई गयं."

बठ्ठ्यांचं म्हणजे सगळ्यांचं. थोरला, त्याची मुलं, त्या मुलांची मुलं. लग्न होऊन आल्यापासून त्या हेच करत आल्या होत्या. नावं त्यांच्या ओठांवर आपोआप येत आणि हात आपोआप मूठ भरत असे.

हे आत आले. "मंग जास्तीनं परत पोतामा टाक."

सासूबाई मुलावर कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "ज्याना नावनं मोजं, ते परत टाकू? जित्ता मानूस घरमाइन काढू का मी? कोनले काढू, सांग! तुन्हा भाऊले का त्याना नातूले?"

नावानं मोजलेलं धान्य परत घालायचं नसतं, हे ह्यांनाही ठाऊक होतं. मी दळलं. दळता दळता हात भरून आले, पण तोंडातली गाणी काही थांबली नाहीत. देवी बसली, दुसऱ्या दिवशी तापीत बोळवण झाली आणि घरात उरला रोटांचा ढीग.

हे हट्टाला पेटले. म्हणाले, आम्ही खाऊ. सकाळी रोट, दुपारी रोट, संध्याकाळी दुधात कुस्करून रोट. मुलगा दुसऱ्याच दिवशी ताट पाहून पळायला लागला. सासूबाईंना दात नव्हते. मी खाल्ले तेवढे खाल्ले. हे मात्र एकेक घास पाण्याबरोबर ढकलत होते. ढेकर येईना, झोप येईना, ओवा खाऊन येरझाऱ्या घालायचे. ढीग आहे तेवढाच दिसायचा. बाहेर पाऊस लागला होता, रोट ओलावायला लागला आणि पौर्णिमा जवळ येत चालली. देवीचा रोट बुरसला तर? सासूबाई कोपऱ्यात माळ ओढत बसल्या होत्या. एका सकाळी ह्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "गाडी सांगस मी."

श्रावणात काळ्या मातीतून बैलगाडी नेणं म्हणजे शिक्षा. चाकांना चिखलाचे लोळे धरायचे, हे उतरून काठीनं काढायचे. सासूबाईंच्या मांडीवर धोतरात बांधलेले रोट, वरून घोंगडी. माझ्या मनात एकच धाकधूक होती: जेठांनी दारातून परत लावलं तर? मग सगळंच संपलं. मग प्रकाशाचं घर आणि दुसऱ्यांची सुतकं, हेच माझं नशीब.

सारंगखेड्याला पोचलो तेव्हा जेठ ओसरीवर दोरी वळत बसले होते. त्यांनी पाहिलं आणि पुन्हा दोरीकडे बघायला लागले. जिजी दारात येऊन थबकली. हे गाठोडं घेऊन उंबऱ्याच्या खाली पावसात उभे. "नही चढाव" म्हटलेलं होतं ना.

"काय शे ते?" जेठांनी विचारलं.

"रोट शेतस. तुम्हना नावना. मायना हात चुकना."

जेठांनी दोरी बाजूला ठेवली. आईकडे पाहिलं. मग घरात तोंड करून जिजीला म्हणाले, "याना वाटाना काढ."

जिजी आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेले आमच्या वाट्याचे रोट घेऊन आली. ह्यांच्या नावाचा आणि माझ्या मुलाच्या नावाचा. मी जिजीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, भांडण झालं त्या सालापासून एकही कानबाई अशी गेली नाही, की तुमच्या नावाचं धान मोजलं नाही. यंदा माय नव्हती, तर तुझ्या जेठांनी मला समोर बसवून मोजायला लावलं.

"दर साल तुन्हा वाटाना रोट मीच खास," जेठ म्हणाले. "यंदा दाढ दुखस. ये, तुन्हा तू खाय."

हे उंबरा चढले. चिखलाच्या पायांनीच चढले. ज्यांना रोटाचं नाव नको झालं होतं ते भावाशेजारी बसून शिळा रोट दुधात कुस्करून खाऊ लागले आणि संपल्यावर आणखी मागितला. जेठांनी आमच्या गाठोड्यातला काढून तोंडात टाकला. दाढ दुखत असल्याचं काही दिसलं नाही. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. मुलगा जेठांच्या नातवांबरोबर कधीच गोठ्याकडे पळाला होता.

मी आणि जिजी आत स्वयंपाकघरात गेलो. चूल पेटलेली होती. तिनं मला पाटावर बसवलं नाही, सरळ भिंतीपाशी गेली. तीच ती खोगीरवाल्याच्या घराला लागून असलेली भिंत. तिनं तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि इकडेतिकडे चाचपून पाहिलं.

"आठे दार पाडुत," ती म्हणाली. "भाजीनी वाटी द्यायले पावसामा कोन फिरी?"

कुणी मला विचारलं नव्हतं, घर घेतलं नव्हतं, बोलणीही झाली नव्हती. पण तिचे हात त्या भिंतीवर पाहिले आणि मला कळलं, की मी आता घरी आले. मी तिथेच मटकन खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून पोटभर रडले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!