आक्कांच्या दुकानातली अस्त्रं

"आधी सांगा, कशानं मारलं?"

असं म्हणून आक्का तराजूतलं अर्ध्या किलोचं वजन फळीवर आपटायच्या. नुसतं "मारलं" म्हटल्यानं त्यांच्या दुकानात राक्षस मरत नसे.

सात रस्ता चौकाजवळ त्यांचं किराणा दुकान होतं. रॉकेलला रांगा लागायच्या ते दिवस. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शाळेतला मास्तर मी, शेजारचे शिंपीकाका आणि दवाखान्यातला कंपाउंडर पोत्यांवर बसायचो. आम्ही तिघं योद्धे. वाटेत कोण आडवं आलं ते आक्कांनी सांगायचं, आपण काय करतो ते आम्ही सांगायचं, आणि कवड्या टाकायच्या. प्रत्येकापुढं मूठभर चिंचोके. तोच त्याचा जीव. खेळ आक्कांनी स्वतः रचलेला. घोड्याएवढे बाप्ये आम्ही, पण भांडायचो मात्र पोरांसारखे!

एकदा शिंपीकाकांनी छाती फुगवली, "आपलं चिलखत लोखंडी हाय. येऊ द्या कुणालाबी!"

आक्कांनी लगेच वीज पाडली.

"अय्यो काका, लोखंड तलवारीला आडवंल. विजेला त्ये आवतणच की!" आणि निम्मे चिंचोके उचलले. काका चहा न पिता गेले. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "चामड्याचं शिवलंय."

आगीचं वेगळं. ती एकदम घास घ्यायची, पण नदीतून भिजून आलेल्याला कमी भाजायची. शाप चिंचोक्यांना हातच लावत नसे. तो घोडा न्यायचा, नाहीतर योद्ध्याची वाचा. आणि विषाला चिलखताची पर्वाच नाही. दर डावाला एक चिंचोका, गुपचूप. कंपाउंडरला ते लागलं तेव्हा तो म्हणाला, "औषध माज्याकडंच हाय की."

"त्ये दवाखान्यात. हितं तुमी धनुर्धारी. साकु!" साकु म्हणजे पुरे. त्यापुढं अपील नव्हतं.

मग त्यांच्या मुलाला अकलूजला नोकरी लागली. दुकान दिराकडं जाणार, आक्का अकलूजला. खेळ चालवणार कोण? आक्कांचा आम्हाला लळा लागला होता, आणि त्या खेळाचाही.

"मास्तर चालवतील," आक्का म्हणाल्या. निघायच्या दिवशी त्यांनी मला फळीमागं बसवलं आणि स्वतः योद्धा होऊन पोत्यावर बसल्या. माझा नाग त्यांनाच डसला. डावामागून डाव गेले, त्यांच्यापुढं शेवटचा चिंचोका उरला. तो उचलायचं काम माझं.

"उचला की."

"राहू द्या आक्का. आज जायच्या दिवशी कशाला?"

"इषाला काय ठावं, कोण कवा निघालंय?"

माझा हात काही पुढं होईना. शेवटी त्यांनीच तो चिंचोका उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "मेले मी," म्हणाल्या, आणि हसत हसत सामान बांधायला आत गेल्या.

नंतर महिनाभर आम्ही तिघं खेळलो. आग लागली, विजा पडल्या, साप चावले. कुणीच मेलं नाही. मग खेळायलाही कुणी येईना.