अक्काचे पाच गुण

अक्कावर लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगतो आणि त्याबद्दल माफीही मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. लिहिणं म्हणजे परीक्षेतली उत्तरं लिहिणं, एवढंच मला ठाऊक. शिवाय तिला माझ्यापेक्षा जवळून ओळखणारी माणसं धुळ्यात आहेत. त्यांना यात कुठे कमी-जास्त वाटलं तर त्यांनी सांभाळून घ्यावं. अक्काला मी तोंडावर 'तुम्ही' म्हणत असे, पण मनात ती कायम 'ती'च राहिली, म्हणून इथेही तसंच लिहितो.

अक्काच्या भुवया पांढऱ्या असत. वयामुळे नव्हे, पिठामुळे. तिची आणि तिच्या नवऱ्याची, भाऊंची, धुळ्यात पिठाची गिरणी होती. भाऊ चक्की चालवत, अक्का गिऱ्हाइकांचे डबे लावून देई. तिच्या भुवया खऱ्या काळ्या आहेत हे कळायचं तर तिला पाण्यातून वर येताना बघावं लागे. गावात कुणाची कळशी, घागर, पोहरा विहिरीत पडला की गळ टाकण्याआधी माणसं गिरणीकडे धावत. अक्का हातातलं काम टाकून जायची, नऊवारीचा काष्टा घट्ट मारायची आणि काठावरून सरळ सूर मारायची. बराच वेळ ती वर येत नसे. नवा माणूस घाबरून ओरडू लागे. मग मधोमध पाणी हलायचं, आधी घागर दिसायची आणि मग अक्का.

काही लोक तिला पाणकोंबडी म्हणत. गिरणीत दळण घेऊन आलेला एक टवाळ एकदा तिच्यासमोरच म्हणाला, "काय पाणकोंबडी, आज कोरडीच?" अक्काने त्याचा डबा उचलला, रांगेतून काढला आणि सगळ्यात शेवटी नेऊन ठेवला. "कोंबडीले हिसाब येत नही दादा," ती म्हणाली, "तुना नंबर कोठे व्हता, इसरी गयी." तो संध्याकाळपर्यंत बसून होता.

दुपारी पुरुष माणसं कामावर गेली की अक्का बायकांना पोहायला शिकवायची. गावाबाहेर पायऱ्यांची एक विहीर होती. एक बाई रस्त्यावर राखण बसे, बाकीच्या पाठीला कोरडा भोपळा बांधून उतरत. तिथे अक्काचा एक नियम होता. पाण्यात दोघींचं वाजलं, तर ते मिटल्याशिवाय कुणीच पायरी चढायची नाही. "पानीमधलं भांडन पानीमाच मिटाडानं," ती म्हणे. "वर लई गयं का ते घरोघर जास." म्हणून सासू-सुनेच्या, जावा-जावांच्या कितीतरी कुरबुरी त्या विहिरीत गळ्याइतक्या पाण्यात मिटल्या, असं बायका सांगत. थंडीने दात वाजायला लागले की माणूस लवकर शहाणा होतो, हेही त्याच सांगत.

मी शिंदखेडा तालुक्यातला. कॉलेजसाठी धुळ्यात खोली घेऊन राहिलो आणि पांझरा नदीवर पोहायला जाऊ लागलो. तिथूनच मोठ्या माणसांच्या संघात ओढला गेलो. दर वर्षी दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत जळगावला एका मंडळाच्या हौदावर प्रौढांच्या पोहण्याच्या स्पर्धा होत. जळगाव, भुसावळ आणि धुळे असे तीन संघ. पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. सगळ्या शर्यतींचे गुण मिळवून ज्या संघाचे जास्त, त्याला ढाल. आमच्या संघात दोन शिंपी, एक पोस्टमन, एक तालमीतला वस्ताद, मी, आणि बायकांच्या शर्यतीसाठी अक्का. ढाल धुळ्याला कधीच आली नव्हती.

मी गेलो त्या पहिल्याच वर्षी अक्का पहिली आली. दुसरी आली ती भुसावळची एक नर्स, तिला सगळे सिस्टर म्हणत. तिसरी जळगावची एक शिक्षिका. संध्याकाळी गुण वाचून दाखवले. ढाल भुसावळला गेली, आम्ही थोडक्यात मागे राहिलो. माझ्या शेजारी बसलेला पोस्टमन बोटांवर मोजत होता. तो म्हणाला, "अरे, अक्काचे पाच कुठेत?"

ते धरलेच नव्हते. मंडळाचे चिटणीस वकील होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, बायकांच्या शर्यतीचे गुण संघाला मिळत नाहीत, ती शर्यत फक्त प्रोत्साहनासाठी. मग त्यांनी अक्काला बक्षीस म्हणून कुंकवाचा करंडा दिला. पुरुषांना चषक होते.

अक्काने तो हातात घेतलाच नाही. "साहेब, करंडा मना घर शे," ती म्हणाली. "गुण नही शेत."

"अक्का, शर्यतीत तुम्ही तिघीच," वकीलसाहेब म्हणाले. "पोहलं की नंबर. त्याला गुण कसे द्यायचे?"

अक्काने मागे वळून पाहिलं. पन्नाशीच्या वरच्या गटात जळगावचे एक कापडाचे व्यापारी शेठजी एकटेच उतरले होते. मध्ये दोरी धरून त्यांनी दम खाल्ला होता, एकदा काठावरच्या मुलाला वेळही विचारली होती. त्यांना पाच गुण मिळाले होते आणि गळ्यात हारही.

"शेठ एकलाच पव्हनात, त्यासले पाच," अक्का म्हणाली. "आम्ही तिन्ही जणी पव्हनूत, आमले काहीच नही? हाई कोनतं गनित?"

लोक हसले. शेठजी भला माणूस. ते हार चाचपत म्हणाले, "मी काय करू अक्का, मला जोडीदारच मिळेना. पुढच्या वर्षी तुम्हीच उतरा माझ्यासोबत." पुन्हा हशा झाला आणि त्या हशातच वकीलसाहेबांनी आभार मानून कार्यक्रम संपवला. करंडा टेबलावरच राहिला.

परतीच्या वाटेवर आमच्याच संघातले दोघे-तिघे तिला समजावत होते की एवढ्या तेवढ्यावरून कशाला, आपण पाहुणे म्हणून जातो. अक्का खिडकीबाहेर बघत होती. ती एवढंच म्हणाली, "पाहुना पव्हत नही."

मी शिकलेला म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी खूप जपून लिहिलं आणि गिरणीत उभा राहून तिला वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, 'तरी मायबाप मंडळाने कृपावंत होऊन विचार करावा, ही नम्र विनंती.' चक्कीचा आवाज मोठा, पण तेवढं तिला बरोबर ऐकू गेलं. "ते खाडी टाक," ती म्हणाली. "विनंती कसाले? आपन आपलंच मांगी राहिनूत." मी म्हणालो, अक्का, अर्जाची पद्धतच असते. "मंग पद्धत खाडी टाक." मी ती ओळ खोडली. विनंती नसलेला अर्ज मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला आणि टपालात टाकला. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या वर्षी अक्का एकटी आली नाही. विहिरीवरच्या पाच जणींना तिने तयार केलं होतं. त्यांच्या घरच्यांशी ती स्वतः बोलली होती आणि खाकी कापडाचे लांब बाह्यांचे पोशाख शिवून घेतले होते. "आते तिघी नही," ती वकीलसाहेबांना म्हणाली, "मोजा." भुसावळच्याही चौघी आल्या होत्या, जळगावच्या तिघी. हौद भरून बायका. तरी पाटीवर बायकांच्या शर्यतीपुढे 'प्रोत्साहनपर' असंच लिहिलं होतं.

शर्यत झाली. अक्का पहिली, सिस्टर दुसरी, आणि तिसरी आमच्या विहिरीवरची एक सून. टाळ्या झाल्या. पुढची शर्यत रिलेची, पुरुषांची. शेवटची आणि सगळ्यात मानाची. आमच्या संघातून पहिली उडी माझी होती. मी ठोकळ्यावर चढलो आणि खाली पाहिलं, तर माझ्या पट्ट्यात अक्का. भिंतीला धरून उभी, हनुवटीपर्यंत पाण्यात.

"अक्का, बाहेर या," वकीलसाहेब म्हणाले.

"गुण मोजा, मंग निंघसू."

"हे बघा, आपण वर बोलू."

"पानीमधलं पानीमाच," अक्का म्हणाली.

हे ऐकलं आणि आमच्या पाचही जणी, ज्या पायऱ्या चढत होत्या, त्या जिथे होत्या तिथून परत पाण्यात उतरल्या. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्या विहिरीवरच्या होत्या. जळगावची शिक्षिकाही थांबली. सिस्टरचा एक पाय वर, एक पाण्यात. भुसावळचा कप्तान काठावरून ओरडला, "सिस्टर, निघा तुम्ही! यांचे गुण मोजले तर ढाल धुळ्याला जाईल!"

"तिची आहे तर जाऊ दे," सिस्टर म्हणाली आणि वरचा पाय तिने खाली घेतला.

मग जे झालं त्याला गोंधळ म्हणायचं की सभा, मला अजून ठरवता येत नाही. काठावर पुरुष भांडत होते आणि पाण्यात बायका गप्प होत्या. कुणीतरी शिस्तीचं बोललं, कुणी पोशाखाचं, कुणी संस्कृतीचं. वकीलसाहेब भाऊंना शोधत आले. "तुम्ही तरी समजवा तुमच्या मंडळींना." भाऊंना पोहता येत नसे, ते हौदापासून चार हात लांब उभे होते. ते म्हणाले, "साहेब, मी फक्त दळस. बोलानं काम तिनं." आणि थोड्या वेळाने कुठूनसे चहाची किटली घेऊन आले. काठावर पालथे पडून, एका हाताने पायरी घट्ट धरून, त्यांनी पाण्यातल्या प्रत्येकीला चहा दिला.

शेठजींना या वर्षीही जोडीदार नव्हता. ते उठले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, यांचे धरायचे नसतील तर माझेही पाच काढा. मला लाज वाटायला लागली." ते काढले गेले नाहीत आणि अक्काचे धरलेही गेले नाहीत. आमचा कप्तान, वस्ताद, माझ्या कानाशी म्हणाला, "तू मार उडी. त्या आपोआप सरकतील." मी ठोकळ्यावरून खाली उतरलो. मी दुसरं काही केलं नाही, फक्त उडी मारली नाही.

उन्हं कलली. बायकांचे ओठ निळे पडले, पण एकही वर आली नाही. शेवटी मंडळाने जाहीर केलं की रिले रद्द, आणि या वर्षी ढाल कुणालाच नाही. तेव्हा अक्का निघाली. हरल्यासारखी नाही. तिने आधी सगळ्यांना चढवलं, मग स्वतः आली. ओल्या कपड्यांनी वकीलसाहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ढाल कोनलेच नही, हाई बी चाली. पन चुकीना हातमा नही."

त्यानंतर मंडळाने अक्काला गैरशिस्तीबद्दल स्पर्धेतून काढलं. पुढच्या वर्षी ती प्रेक्षक म्हणून आली. पहिल्याच पायरीवर बसली. बायकांचा निकाल वाचून झाला की ती मोठ्याने विचारायची, "गुण?" बस, एक शब्द. वकीलसाहेब कागदातून वर बघत नसत. आमच्यातले काही तिच्यावर चिडून होते. हिच्यामुळे हातची ढाल गेली, असं ते म्हणत. ते तिच्या कानावर जाई, आणि तरीही त्यांचं दळण ती वेळेवर देई.

मी पुण्याला एम.ए.ला निघालो तेव्हा गिरणीत निरोप घ्यायला गेलो. पाया पडलो, तर पाठीवर पिठाचा हात उमटला. "तठे मोठा मोठा लोक व्हतीन," ती म्हणाली. "कोनी तुले मोजाले इसरनं ते गप बसू नको. भांडू बी नको. फक्त इचार." पुण्यात वर्गात मला उच्चारांवरून हसतात, प्रश्न विचारायला मी आधी घाबरत असे. आता विचारतो. अजून आवाज कापतो, पण विचारतो.

मग दुष्काळ आला. विहिरी आटल्या, हौद कोरडा पडला, स्पर्धा बंद झाल्या. धुळ्याची खबर येईनाशी झाली. परवा पुण्याच्या स्टेशनवर आमच्या संघातला पोस्टमन भेटला, मुलीकडे आला होता. त्याच्याकडून कळलं की पाऊस झाल्यावर यंदा स्पर्धा पुन्हा भरली. तिन्ही गावांतल्या बायकांनी मिळून आधीच कळवलं होतं की गुण धरणार नसाल तर आम्ही उतरत नाही, आणि अक्काशिवाय तर नाहीच. बायकांची शर्यत बघायला आता सगळ्यात जास्त गर्दी होते, म्हणून मंडळाला ऐकावं लागलं.

"मग ढाल?" मी अधीर होऊन विचारलं.

पोस्टमन हसला. म्हणाला, भुसावळला गेली. बायकांच्या गुणांवरच गेली. सिस्टर पहिली, दुसरीही त्यांचीच, अक्का तिसरी. तिचा एक गुण धुळ्याच्या नावावर धरला. बायकांचे गुण नसते धरले, तर ढाल आपली होती. आपली पोरं अक्कावर केवढी भडकली! एक जण तोंडावर म्हणाला, मिळालं ना तुमचं गणित, आता भोगा. अक्का डोकं पुसत होती. ती म्हणाली:

"हारनूत ना? पन यंदा मोजीसन हारनूत."